शाळेत आपोआप होत होतं, ते कॉलेजात कोणी करायचं?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "शाळेत मी कधी ८५ टक्क्यांच्या खाली आले नाही. कॉलेज सुरू होऊन दहा आठवडे झाले आणि पहिल्याच चाचणीत गणितात १०० पैकी ३८ पडले. तासाला बसते तेव्हा सगळं कळतं, पेपर हातात आला की डोकं रिकामं होतं. वसतिगृहात राहते, पण मोकळेपणाने बोलावं असं कोणी नाही. घरी गुण अजून सांगितलेले नाहीत. मी मुळात हुशार नव्हतेच का? हा विषय सोडून देऊ का?"

तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी गेली २२ वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि त्यातली १४ वर्षं नव्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाचं कामही बघते. दरवर्षी पहिल्या चाचणीचे निकाल लागले की माझ्या खोलीच्या दारात तुझ्यासारखी मुलं येऊन उभी राहतात. त्यांच्यात 'मुळात हुशार नव्हती' अशी फारच थोडी निघाली. बहुतेकांच्या बाबतीत वेगळंच काहीतरी घडलेलं असतं. ते काय, हे आधी समजून घे. ते न समजता तू नुसते अभ्यासाचे तास वाढवलेस, तर दमशील आणि गुण तिथेच राहतील.

शाळा तुला नुसतं शिकवत नव्हती. एवढा मोठा अभ्यासक्रम रोजच्या घासाएवढा तोडून देत होती. काल शिकवलेलं आज विचारत होती. वही तपासत होती, दर थोड्या दिवसांनी छोटी चाचणी घेत होती आणि त्या निमित्ताने तुझ्याकडून उजळणी करून घेत होती. तू दोन दिवस आली नाहीस तर कोणीतरी 'काय गं, बरी आहेस ना?' असं विचारत होतं. रोज पाच-सहा तास त्याच मुलामुलींच्या शेजारी बसवत होती, म्हणून मैत्रिणी झाल्या. ही सगळी कामं होती. ती कोणीतरी करत होतं, पण ती इतक्या वर्षांच्या सवयीची झाली की तुला, तुझ्या घरच्यांना आणि खरं तर आम्हा शिक्षकांनाही ती कामं म्हणून दिसेनाशी झाली.

कॉलेज सुरू होतं त्या दिवशी ही सगळी कामं एकदम थांबतात, आणि थांबली असं कोणी सांगत नाही. उलट मोकळं वेळापत्रक बघून हायसं वाटतं. सकाळी दोन तास, मग मधे तीन तास काहीच नाही, गृहपाठ कोणी मागत नाही. तुझं डोकं होतं तेवढंच आहे, खालचा आधार तेवढा निघाला. गेले दहा आठवडे ती कामं कोणी केली, हे स्वतःला विचार. माझा अंदाज आहे की कोणीच केली नाहीत, आणि ती आपण करायची असतात हे तुला कोणी सांगितलंही नाही.

आता ती ३८ गुणांची उत्तरपत्रिका बाहेर काढ. बहुतेक मुलं ती दप्तराच्या तळाशी घालतात आणि पुन्हा बघत नाहीत. तुला परत मिळाली नसेल तर सरांकडे किंवा मॅडमकडे बघायला माग. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा अशीच चार घड्या घातलेली उत्तरपत्रिका घेऊन आला होता. त्याला ४१ होते. आम्ही टेबलावर ती पसरली आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तीनपैकी एका रंगाची खूण करायची असं ठरवलं. जे कधी वाचलंच नव्हतं त्याला लाल. जे वाचलं होतं, वर्गात कळलंही होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही, त्याला निळा. येत होतं पण चिन्ह चुकलं, वेळ संपली, प्रश्न नीट वाचला नाही, त्याला हिरवा. पाऊण तास लागला. गेलेल्या ५९ गुणांपैकी लाल ११ निघाले, हिरवे १४ आणि निळे ३४. तो बराच वेळ त्या निळ्या खुणांकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे मला माहीत होतं?" मी म्हटलं, "ओळखीचं होतं. यायचं बाकी होतं."

तू हेच कर, तीन रंगांनी. 'मी नापास झाले' यावर कोणालाच काही करता येत नाही, पण '३४ गुण निळे आहेत' यावर उद्या सकाळपासून काम करता येतं. आणि तू जे लिहिलं आहेस, की तासाला कळतं आणि पेपरात आठवत नाही, त्यावरून तुझ्याही पानावर निळाच जास्त असणार असं मला वाटतं.

तसं का होतं ते माझ्या बाजूने सांगते. मी फळ्यावर उदाहरण सोडवते तेव्हा पुढची पायरी कोणती घ्यायची हे मी ठरवते. इथे अवयव पाडायचे, इथे ही राशी त्या राशीने बदलायची. मी पायरी लिहिली की ती बरोबर आहे हे तुला पटतं आणि तू मान डोलावतेस. तुझं ते कळणं अगदी खरं आहे. पण परीक्षेत नेमकं तेच विचारलेलं असतं जे वर्गात मी तुझ्यासाठी करत होते: पुढची पायरी कोणती, हे ठरवणं. कॉलेजात आल्यापासून त्याचा सराव तुला एकदाही झालेला नाही. शाळेत गृहपाठ तपासला जायचा, त्यामुळे तो सराव तुझ्याकडून करून घेतला जात होता.

वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचल्याने हा सराव होत नाही. याचा एक प्रयोग मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगते. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच 'आपल्याला जास्त आठवेल' अशी जास्त खात्री वाटत होती. म्हणजे जी पद्धत कमी उपयोगाची, तीच मनाला जास्त धीर देते. चाचणीच्या आदल्या रात्री वही तीनदा वाचून तू निर्धास्त झोपली असशील, तर तो धीर कुठून आला ते आता लक्षात येईल.

एक मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली होती. अशी सुंदर वही मी क्वचितच बघितली असेल: चार रंगांची शाई, चौकटीतली सूत्रं, पट्टीने आखलेल्या रेघा. तिला ३५ पडले होते. मी ती वही मिटून माझ्या हाताखाली ठेवली, कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "कालच्या तासाला काय झालं ते लिही." तिने चार ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं. पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प होतो. मग हळूहळू आणखी दोन ओळी आल्या, एक सूत्र आलं, ते अर्धवट होतं. मी वही उघडून दिली. तिने तो अर्धा भाग बघितला आणि आपणहून वही परत मिटली. तो तिचा कॉलेजातला पहिला खरा अभ्यास होता असं मी मानते. सत्राच्या शेवटी तिला ६७ मिळाले. पण त्याआधीचे दोन महिने रोज तो कोरा कागद बघून तिला रडू यायचं, हेही तुला सांगायला हवं. वही मिटून आठवताना त्रास होतो, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. तो त्रास म्हणजेच काम चालू असल्याची खूण आहे, एवढं लक्षात ठेवून टिकून राहा.

गणितात हे असं कर. सोडवलेलं उदाहरण घे, उत्तरावर कागद ठेव आणि स्वतः सोडवायला लाग. अडलीस की कागद एकच ओळ खाली सरकव, ती बघ, परत झाक, पुढे जा. संपल्यावर जिथे कागद सरकवावा लागला तिथे टिंब दे. दोन दिवसांनी तेच उदाहरण पुन्हा कर, टिंबं कमी होतात का बघ. आणखी आठवड्याने पुन्हा. हे अंतर ठेवणंही गरजेचं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या तासाभरात, पहिल्या दिवसातच सर्वांत जास्त निसटतं आणि नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. त्याने अर्थहीन अक्षरं पाठ केली होती, समजून केलेला अभ्यास इतक्या लवकर जात नाही, पण निसटण्याची तऱ्हा तीच असते. म्हणून ज्या दिवशी तास झाला त्याच संध्याकाळी दहा मिनिटं कोऱ्या कागदावर दे. रविवारी बसून केलेले दोन तास त्याची भरपाई करत नाहीत. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यांत सर्वांत उपयोगाच्या ठरल्या त्या याच दोन: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं. ओळींखाली रंग ओढणं आणि पुन्हा वाचणं या पद्धती तळाच्या गटात गेल्या.

तासांचा हिशेबही एकदा मांडून बघ. युरोपातल्या विद्यापीठांत एका वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट) धरतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास, ज्यात वर्गातले तास हा एक छोटा हिस्सा. अमेरिकेतही वर्गातल्या एका तासामागे बाहेरचे निदान दोन तास असाच हिशेब चालतो. म्हणजे वेळापत्रकात १६ तास दिसत असतील तर तुझा आठवडा खरा ४८ तासांचा आहे. उरलेले ३२ तास कुठेच छापलेले नसतात, म्हणून ते मोकळे वाटतात. ते तू स्वतः छाप. तासांच्या मधल्या तीन तासांच्या फटीत खोलीवर जाऊ नकोस. ग्रंथालयात एक ठरलेली जागा धर आणि त्यातला दीड तास रोज एकाच विषयाला दे. कधी, कुठे आणि काय हे आधी ठरलेलं असलं की रोज मनाशी झगडावं लागत नाही. आणि हे लगेच अंगवळणी पडेल अशी अपेक्षा करू नकोस. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, एखादी साधी सवय आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलीस म्हणून सोडून देऊ नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न, हुशारीचा. शाळेत तू पहिल्या काहींत होतीस. आज तुझ्या वर्गात बसलेल्या बहुतेक मुली आपापल्या शाळेत पहिल्या काहींत होत्या. सगळ्याच जणी पुन्हा पहिल्या येऊ शकत नाहीत, हे साधं अंकगणित आहे. हर्बर्ट मार्श या संशोधकाने हा परिणाम १९८० च्या दशकापासून अभ्यासला आहे: तेवढीच कुवत असलेला विद्यार्थी हुशारांच्या घोळक्यात गेला की स्वतःला कमी लेखू लागतो. कुवत हलत नाही, आजूबाजूची पट्टी बदलते. त्यात भर म्हणजे तुला बाकीच्यांचे चेहरे दिसतात आणि स्वतःचं आतलं दिसतं. पुढच्या बाकावरची मुलगी शांतपणे लिहून घेते आहे ते दिसतं. रात्री ती खोलीत काय करते ते दिसत नाही. माझ्या खोलीत येऊन 'फक्त मलाच जमत नाहीये' म्हणणाऱ्या दोन मुली कितीतरी वेळा एकाच वर्गातल्या, एवढंच काय, एकाच बाकावरच्या निघाल्या आहेत. मला त्या वेळी काही बोलता येत नाही, पण जीव तुटतो.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेलं एक काम यासाठी सांगते. त्यांनी अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला मलाही इथे परकं वाटलं, पुढे ते ओसरलं, असे ते अनुभव होते. मग त्यांना स्वतःचा अनुभव पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी लिहायला सांगितला. सगळं मिळून तासाभराचं काम. त्यांच्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण त्यानंतर तीन वर्षं सुधारत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्याने कमी झालं. ज्यांना 'ही जागा आपली आहे का' ही शंका सर्वांत जास्त सतावते, त्यांना 'ही शंका सगळ्यांनाच येते आणि जाते' एवढं कळणंही मोलाचं ठरलं. तेव्हा तुझ्या विभागातल्या वरच्या वर्गातल्या दोघी-तिघींना सरळ विचार: "ताई, तुम्हाला पहिल्या चाचणीत किती होते?" खरी उत्तरं मिळतील.

आणि शिक्षकांना विचार. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मुलं सर्वांत उशिरा जे करतात ते हेच. शाळेत बाई तुझ्या बाकापाशी येत होत्या. इथे तुला आमच्या दारापर्यंत यावं लागतं, आणि ते दहा पावलांचं अंतर फार मोठं वाटतं हे मला ठाऊक आहे. मुलं दारात येतात, मी "ये ना" म्हणते, आणि ती म्हणतात, "काही नाही मॅडम, सहज." मग निघून जातात. काहींना वाटतं प्रश्न फार साधा आहे. काहींना वाटतं आपलं अज्ञान उघडं पडेल. काहींना काय विचारायचं तेच कळत नाही, कारण 'काहीच कळत नाही' याचा प्रश्न कसा करायचा?

तो असा करायचा. अडलेलं उदाहरण कागदावर लिही, जिथपर्यंत गेलीस तिथपर्यंत पायऱ्या लिही आणि थांबलीस तिथे रेघ मार. तो कागद घेऊन जा आणि म्हण, "सर, इथपर्यंत मी आले, यानंतर काय करायचं हे कसं सुचायला हवं होतं?" 'कसं सुचायला हवं होतं' हे शब्द मुद्दाम वापर. नुसतं 'पुढे काय' विचारलंस तर शिक्षक पुढची पायरी सांगतील, तू मान डोलावशील आणि पुन्हा वर्गातलीच गोष्ट होईल. 'कसं सुचतं' विचारलंस तर ते आपण विचार कसा करतो ते सांगू लागतात, आणि ते पुस्तकात मिळत नाही. माझ्यापुरतं सांगते, असा कागद घेऊन येणारा विद्यार्थी मला कधीच कमकुवत वाटलेला नाही. त्याचं नाव लक्षात राहतं. शिक्षकांचे भेटीचे तास ठरलेले असतात, ते विभागाच्या फलकावर किंवा दारावर लावलेले असतात. एकटीला जड जात असेल तर सोबत कोणालातरी घेऊन जा. एखादे शिक्षक तुटक बोलले तर तो तुझा दोष समजू नकोस, दुसऱ्या शिक्षकांकडे जा किंवा सहायक शिकवण्या असतील तिथे जा.

मोकळेपणाने बोलावं असं कोणी नाही, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. मला ती ओळ गुणांइतकीच महत्त्वाची वाटते. घरची ओढ लागणं हा दुबळेपणा नाही. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळी याच दुखण्यासाठी घडवलेला आहे. १६८८ साली बासेलमध्ये योहानेस होफर या १९ वर्षांच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घरी परतणं आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. त्यात त्याने वर्णन केलेल्या रुग्णांपैकी एक होता बर्नहून बासेलला शिकायला आलेला तरुण. घरच्या आठवणीने तो इतका खंगला की अखेर त्याला घरी न्यायला निघाले, आणि वाटेतच त्याला बरं वाटू लागलं. तुझ्या वयाच्या, शिकायला बाहेर पडलेल्या मुलांचं हे दुखणं सव्वातीनशे वर्षांपूर्वीही डॉक्टरांना लिहून ठेवावंसं वाटलं होतं.

मैत्रीचंही शाळेसारखंच आहे, ती आपोआप होत होती. जेफ्री हॉल यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, ज्यात नुकतेच विद्यापीठात आलेले विद्यार्थीही होते, असं दिसलं की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, पक्की मैत्री म्हणावी अशी व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० पेक्षा जास्त. आता हिशेब कर. शाळेत रोज पाच तास शेजारी बसलं तर दोन आठवड्यांत ५० तास भरत होते. इथे एखाद्या मुलीशी तू आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास बोलत असशील, तर दहा आठवड्यांत दहाच तास झाले. तुझ्यात काही कमी आहे म्हणून मैत्रिणी झाल्या नाहीत असं मानायला यात काहीच जागा नाही. ते तास अजून भरलेले नाहीत. म्हणून जिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात अशी एखादी गोष्ट धर: एखादं मंडळ, खेळ, गाण्याचा किंवा नाटकाचा गट, किंवा नुसता तिघींचा गणिताचा गट, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याच टेबलावर. दहा गोष्टींत नाव घालू नकोस. वर्गात रोज साधारण त्याच जागी बस, शेजारीण तीच राहील. पहिलं वाक्य मोठं असायला नको. "तुझं तिसरं उदाहरण सुटलं का?" एवढ्यावर माझ्या माहितीतल्या कितीतरी मैत्र्या उभ्या आहेत.

झोपेबद्दल थोडक्यात सांगते. तुझ्या वयात ७ ते ९ तास लागतात. वयात येताना शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, म्हणून रात्री झोप न येणं हा आळस नाही. पण दिवसा शिकलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच होतं, तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री जागून तू स्वतःचंच नुकसान करतेस. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. दोन आठवडे सलग, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हे 'नव्या जागेचं' म्हणून अंगावर काढू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी मनात आला तरी त्याच दिवशी कोणालातरी सांग, खोलीत एकटी थांबू नकोस. मी स्वतः मुलांना हात धरून समुपदेशकांच्या दारापर्यंत नेलं आहे, आणि त्यातली बहुतेक पुढे शिकून बाहेर पडली.

घरी सांग. रोज फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणायला किती ताकद लागते ते मी बघते, आणि ती ताकद तुला दुसरीकडे हवी आहे. आधी तीन रंगांची उत्तरपत्रिका तयार कर, मग फोन लाव. "आई, मला गणितात ३८ पडले. का पडले ते मी शोधलं आहे, पुढे काय करणार तेही ठरवलं आहे. मला रागवू नकोस, आधी ऐक." आकडा पहिल्याच वाक्यात सांग. आधी प्रस्तावना केलीस तर तेवढ्या वेळात त्यांच्या मनात याहून वाईट काहीतरी येऊन जातं. पहिली दोन मिनिटं कठीण जातील. 'शाळेत तर तुला येत होतं' हे वाक्य ऐकायला लागेल, कारण शाळा काय काय करत होती हे त्यांनाही कधी दिसलेलं नाही. वर लिहिलेलं त्यांना वाचायला दे.

राहिला विषय सोडण्याचा प्रश्न. दहा आठवड्यांच्या, तेही आधार नसलेल्या दहा आठवड्यांच्या जोरावर तो निर्णय घेऊ नकोस. पण तो पुढेही ढकलू नकोस. बऱ्याच ठिकाणी विषय बदलायची एक शेवटची तारीख असते. तुझ्याकडे ती असेल तर कार्यालयात जाऊन आजच विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही, नाहीतर निर्णय तुझ्याऐवजी ती तारीख घेईल. तारखेला सहा आठवडे असतील तर सहाही आठवडे कोरा कागद, ठरलेली जागा आणि शिक्षकांची भेट, हे तिन्ही कर. तेवढे नसतील तर विभागातल्या मार्गदर्शकांना आताच भेट आणि मागे वळायचे कोणते रस्ते नंतरही उघडे राहतात ते विचारून घे. मग स्वतःला एक प्रश्न विचार: उदाहरण सुटतं तेव्हा मला बरं वाटतं, की फक्त संपल्याचं बरं वाटतं? सुटल्याचा आनंद होत असेल आणि गुण तेवढे कमी असतील, तर विषय धरून ठेव, गुण मागून येतात. सहा आठवडे मनापासून करूनही फक्त संपल्याचंच बरं वाटत असेल, तर विषय बदलणं ही हार नाही. माझ्या हाताखालून गणित सोडून गेलेली मुलं दुसऱ्या विषयात रमलेली मी बघितली आहेत. पुढची चाचणी झाली की तिचीही उत्तरपत्रिका तशीच तीन रंगांनी तपास, दोन्ही शेजारी ठेव, निळा किती कमी झाला ते मोज आणि मला लिही.